तिकडच्या व्हर्जनमधली ताई

भाचीचा फोन ठेवला आणि चितारी स्वतःच्याच नावाने बोटं मोडत खुर्चीत बसून राहिला. दुसऱ्या कुणाच्या नावाने मोडायची सोयच नव्हती. खोटं त्याने रचलं होतं, इतकी वर्षं त्यानेच जपलं होतं, आणि आता ते भाचीच्या बॅगेत बसून घरी यायला निघालं होतं.

"मामा, सापडली एकदाची," भाची फोनवर सांगत होती. चाळिशीची बाई, परदेशात नोकरीला, पण आवाज परकरातल्या पोरीसारखा झाला होता. "इथे एका जुन्या सामानाच्या दुकानात. परदेशी व्हर्जनची कॅसेट, डब्यासकट. रविवारी आईसमोर लावायची. लहानपणापासून ऐकतेय, आता मला आईला लढताना बघायचंय."

"वा," चितारी म्हणाला.

चितारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी तो व्हिडिओ गेमच्या एका लहानशा कंपनीत चित्रं काढायचा, तिथल्या लोकांनी ते ठेवलं आणि ते चिकटलं. कंपनीचा एकच खेळ गाजला, मारामारीचा. दोघं समोरासमोर, मधे पंच, आणि ज्याची ताकद आधी संपेल तो आडवा. त्यातला प्रत्येक लढवय्या चितारीने चौकट-चौकट करून काढला होता. उभं राहणं, चालणं, ठोसा, लाथ, मार खाणं, पडणं, असं सगळं वेगवेगळं काढावं लागायचं. त्यात एक बाई त्याने थोरल्या बहिणीवरून काढली होती. ताईची लाँड्री होती. ओली चादर पिळताना तिच्या मनगटात जो जोर यायचा तो बघूनच त्याच्या डोक्यात आलं, की ही बाई पिळलेली चादर फिरवून भल्याभल्यांना लोळवेल. मग दुपारी दुकान बंद असलं की ताई यायची, चित्रांच्या खोलीत टेबलावर चढायची आणि चादर फिरवायची. तो भराभर काढत सुटायचा. तशी खुललेली ताई त्याने आधी कधी पाहिली नव्हती.

घोडं अडलं ते शेवटाला. मार खाणं आणि पडणं तेवढं राहिलं होतं. त्याने खाली गादी घातली आणि म्हणाला, "ताई, आता पडून दाखव." ताईने बाहीचं बटण लावलं, चादरीची घडी केली आणि म्हणाली, "पडणार नाही. बाकी सांगशील ते करते." त्याने विनवलं, चिडून पाहिलं, गादीवर स्वतः लोळून दाखवलं. ती खाली उतरली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ऑफिसातल्या शिपायाला पाडून त्यावरून काढावं म्हटलं, तर ताईच्या अंगाला शिपायाचे पाय लागल्यासारखं दिसायला लागलं. त्याने ते फाडून टाकलं. तोवर खेळ बाहेर काढायची तारीख उरावर येऊन बसली आणि प्रोग्रामरने ती बाई अर्धवट म्हणून बाजूला टाकली.

खेळ आला त्या दिवशी ताई लेकीचं बोट धरून गेमच्या दुकानात हजर. एकेक चेहरा बघत गेली. शेवटच्या चेहऱ्यावर बोट थांबलं आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. "अगं, तू तिकडच्या व्हर्जनमध्ये आहेस," तो पटकन बोलून गेला. "परदेशात जाणारं वेगळं असतं. इथे जागा पुरली नाही." आणि ते खपलं, कारण व्हर्जन खरोखरच वेगवेगळी होती. इकडच्यात रक्त लाल उडायचं, तिकडच्यात तेच घाम म्हणून पांढरं केलेलं. इकडच्या बायकांचे कपडे तोकडे, तिकडे ते लांब केलेले. मग त्यात एखादी बाई जास्तीची असायला काय हरकत होती?

ताईने ते डोक्यावर घेतलं. लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती इस्त्री फिरवता फिरवता सांगायची, "परदेशात मी खेळात आहे बरं का. इथे नाही दिसत." इकडची कॅसेट तिने शोकेसमध्ये ठेवली होती, आणि तिच्यावर धुळीचा कण बसू द्यायची नाही. वर भावोजी मात्र खेळात होते, तेही सगळ्या व्हर्जनमध्ये. ऐनवेळी पंच हवा होता, भावोजी ताईला न्यायला आले होते, हसतमुख, शांत, हाताची घडी घालून उभे. चितारीने त्यांना एका बैठकीत काढून टाकलं. पंचाला पडावं लागत नाही.

भावोजी जाऊन आता दोनेक वर्षं झाली होती. ताई दुकान भाड्याने देऊन मागच्या खोल्यांत राहत होती. तिच्याकडे अभिमानाने सांगण्यासारखं जे काही होतं त्यात ही गोष्ट वरच्या नंबरावर होती, आणि ती साफ खोटी होती. रविवारी लेकीसमोर, टीव्हीच्या पडद्यावर, ती उघडी पडणार होती.

चितारीने कंप्युटर उघडला. जुन्या खेळांची चिरफाड करणारी मंडळी असतात, कॅसेटच्या पोटात काय काय पडून राहिलंय ते उकरून काढतात, हे त्याला ऐकून माहीत होतं. या खेळाचंही पान निघालं. 'न वापरलेली चित्रं' या मथळ्याखाली साक्षात ताई उभी होती. टेबलावरची ताई, चादर डोक्यावर फिरवणारी. त्याला इतका आनंद झाला की चहा मांडीवर सांडला. म्हणजे प्रोग्रामरने चित्रं पुसली नव्हती, नुसती झाकून ठेवली होती. ती इकडच्या कॅसेटमध्ये होती, ताईच्या शोकेसमध्ये, तिच्याच हाताखाली, इतकी वर्षं.

खालचं वाचलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं चादरवाली. एकाने लिहिलं होतं, ही बहुधा चाचणीसाठी काढलेली कच्ची बाहुली असावी. दुसरा त्याच्यापेक्षा शहाणा. हिच्या बाह्या मनगटापर्यंत आहेत, बटणं लावलेली, कपडे धुणारी बाई बाह्या वर सारल्याशिवाय काम कसं करेल, तेव्हा ही परदेशी व्हर्जनसाठी मुद्दाम झाकून काढलेली असणार. "अरे गाढवांनो, ती आलीच होती तशी," चितारी पडद्यावर ओरडला. त्याने नाव नोंदवलं, दुरुस्ती लिहिली, ही चित्रं मी काढली, बाह्या होत्या तशा काढल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं, पुराव्याअभावी दुरुस्ती काढून टाकली आहे. स्वतःच्या हाताने काढलेल्या बहिणीबद्दल त्याच्याकडे पुरावा मागत होते. त्याने कंप्युटरचं झाकण आपटलं, मग परत उघडलं, कारण त्याच पानावर चादरवालीला पडद्यावर आणायचा कोड दिलेला होता आणि त्याला तो हवा होता.

कोड घालायला मशीन आणि कॅसेटच्या मधे लावायचा एक जुना डबा लागतो. तो कुणाकडे असलाच तर चिंगूसकडे असणार होता. चिंगूस म्हणजे तोच प्रोग्रामर. कॅसेटमधली जागा वाचवण्यासाठी तो एकेका चित्रावरून हुज्जत घालायचा, म्हणून ते नाव. आता तो गच्चीवर कुंड्या सांभाळत होता, आणि त्याही एकीला एक चिकटवून ठेवल्या होत्या.

"पाणी घालून घेतो, मग बोल," चिंगूस म्हणाला. चितारीने सगळं भडाभडा ओकून टाकलं. सगळं ऐकून चिंगूसने झारी खाली ठेवली.

"परदेशी व्हर्जनमध्ये कोड चालेल ना?" चितारीने विचारलं.

"कसा चालेल? तिकडे तीन भाषा कोंबायच्या होत्या. अक्षरांना जागा कुठून आणू? तुझी लाँड्रीवाली पुसली आणि तिथे भाषा बसवल्या. इकडच्यात तारीख गळ्याशी आली होती, पुसायला वेळ नव्हता, म्हणून ती राहिली."

म्हणजे बरोबर उलटं. जिथे आहे म्हणून तो आयुष्यभर सांगत आला, तिथे तिचा मागमूस नव्हता, आणि जिथे नाही म्हणाला, तिथेच ती पडून होती. चितारीने कपाळाला हात लावला.

"आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं," चिंगूस म्हणाला.

"तू तिला टाकलंस म्हणून ही वेळ आली माझ्यावर."

"मी टाकली? पडण्याची चित्रं तू दिली नाहीस. माझा हिशेब सरळ होता. ताकद संपली की पंच हात वर करतो, समोरचा पडला की मोजायला लागतो, मोजून झालं की डाव संपतो. तुझी बाई पडतच नाही. पंच हात वर करून उभाच राहतो आणि सगळा खेळ तिथेच अडकतो. असा खेळ कोण विकत घेईल?"

चिंगूसने माळ्यावरून डबा काढून दिला, धूळ पुसून, आणि दारापर्यंत सोडायला आला. "परत आणून दे," एवढं मात्र दोनदा म्हणाला.

मग चितारीने बेत केला. भाचीला काही कारण काढून बाहेर पिटाळायचं. तेवढ्यात तिची कॅसेट काढून शोकेसमधली इकडची लावायची, मधे डबा, डब्यात कोड. ताई समोर असली तरी तिला यातलं काय कळणार? ती येईल, चादर फिरवेल, भाची टाळ्या पिटेल. मग बटण बंद करायचं आणि चहा घ्यायचा. बेत तसा बरा होता.

रविवारी घोळ पहिल्या मिनिटापासून सुरू झाला. जुनं मशीन त्याने स्वतःच्या घरून नेलं होतं. भाचीची कॅसेट त्यात शिरेचना. परदेशी कॅसेट इकडच्या मशीनमध्ये लागू नये म्हणून खाचेत प्लास्टिकचे दोन दात मुद्दाम ठेवलेले असतात, हे तो विसरला होता. पक्कड मागितली. भाची पक्कड शोधत असताना ताई म्हणाली, "मोडशील बघ." त्याने दात मोडले, त्यातला एक उडून पलंगाखाली गेला. कॅसेट बसली, पण चित्र मधूनमधून जात होतं, वरखाली काळे पट्टे होते, आणि संगीत इतकं संथ की बॅटरी संपत आल्यासारखं वाटत होतं.

"परदेशातलं असंच धिमं चालतं," तो म्हणाला. निदान हे तरी खरं होतं.

पहिला डाव सुरू झाला आणि पंच आला. हसतमुख, हाताची घडी घातलेला. "बाबा," भाची म्हणाली आणि पुढे सरकून तिने टीव्हीच्या काचेला हात लावला. "मामा, किती हुबेहूब काढलेयस तू बाबांना." चितारीलाही बरं वाटलं. ताई मागे भिंतीला टेकून बसली होती.

मग भाचीने सगळे चेहरे पालथे घातले. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, मग परत पहिल्यापासून. "आई कुठेय?"

"वायर खराब आहे," चितारी म्हणाला. "चित्र पूर्ण येत नाहीये. तू कोपऱ्यावरून नवी वायर घेऊन ये. पिवळ्या टोकाची माग." असल्या बिनबुडाच्या बोलण्यावर कुणीही हसलं असतं. पण भाची मामावर विश्वास ठेवत मोठी झाली होती. तिने चप्पल घातली आणि गेली.

जिना उतरल्याचा आवाज आला तसा चितारी उठला आणि शोकेसकडे गेला. काच सरकवली, कॅसेट काढली, वळला, तर ताई त्याच्याकडेच बघत होती.

"ती इकडची आहे," ताई म्हणाली. "गोल कोपऱ्यांची. तिने आणलेली चौकोनी आहे. मी रोज पुसते ती, मला काय सांगतोस?"

"अगं, तसं नाही."

"खाली ठेव ती आणि सांग. मी नाहीये ना त्यात?"

तो कॅसेट हातात धरून उभा राहिला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. ताईचा चेहरा उतरत गेला. तो कधी इतका उतरलेला त्याने पाहिला नव्हता, भावोजी गेले तेव्हाही नाही.

"म्हणजे इतकी वर्षं मी जगाला सांगत बसले," ती म्हणाली. "लोक मागे काय म्हणत असतील? पोरीला शाळेत हसले असतील. दुसरं काय होतं रे माझ्याकडे सांगायला? तेही तू खोटंच दिलंस."

तिथे त्याचा तोल गेला. इतक्या दिवसांचा वैताग, पुरावा मागणारी ती पोरं, चिंगूसची टोमणेबाजी, मोडलेले दात, सगळं एकदम वर आलं. "मी काय करणार होतो? हट्ट कुणाचा होता? एकदा, फक्त एकदा गादीवर पडून दाखवायचं होतं. लागणार नव्हतं, कुणी बघणार नव्हतं. तू पडली नाहीस म्हणून तू खेळात नाहीस. मी इतकी वर्षं मूग गिळून बसलो, तुला बोललो नाही, आणि वर खोटारडा मीच."

ताई मग भिंतीशी सरकून बसली.

"तुला वाटलं मला पडता येत नव्हतं?"

"मग?"

"फार चांगलं यायचं." ती सांगत होती इस्त्रीच्या कपड्यांबद्दल सांगावं तशा आवाजात. "तू बोटाच्या पेरापर्यंत काढणारा माणूस. मी पडले असते तर आधी कुठला हात टेकते, तोंड कुठल्या बाजूला फिरवते, पोटाशी गुडघे कसे घेते, सगळं काढलं असतंस. नवखं माणूस असं पडत नाही. तुला कळलं असतं. तू विचारलं असतंस, आणि मला ते विचारायला नको होतं."

चितारीला काय ऐकलं ते समजायला वेळ लागला. "भावोजी?" तो म्हणाला.

"घरात दुसरं कोण होतं?"

त्याला बाह्या आठवल्या. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंतच्या बाह्या. प्रत्येक चौकटीत त्याने त्या काढल्या होत्या, बटणांसकट, अगदी मन लावून. कोण कुठली ती पोरं, कधी तिला न भेटलेली, त्यांनी तरी विचारलं होतं की या बाईच्या बाह्या अशा का. त्याने त्यांना गाढव म्हटलं होतं.

"सांगायचं होतंस मला."

"तुझं आणि त्यांचं केवढं जमायचं. तू पंच केलंस त्यांना." तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. त्याला उठून कुणाची तरी गचांडी धरायची होती आणि ज्याची धरायची तो माणूस राहिला नव्हता. होता तो फक्त टीव्हीवर, हाताची घडी घालून, त्याने स्वतः काढलेला. त्याने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली. "पोरगी येईल आता. तिला यातलं काही माहीत नाही आणि व्हायलाही नको. तिच्याशी ते कधी वाईट वागले नाहीत. तू ती इकडची लाव. मी आहे म्हणालास ना त्यात?"

"आहेस. पण अर्धवट."

"लाव."

त्याने डबा लावला, कॅसेट बसवली, कोड घातला. दोनदा चुकला. मग पडदा उजळला, पट्टे गेले, संगीत पूर्ण वेगाने वाजायला लागलं आणि ताई आली. तरुण, टेबलावरची, बटणं लावलेल्या बाह्यांची. ताईने त्याच्या हातातून बटणांचा पॅड काढून घेतला आणि एक बटण दाबलं. चादर गरकन फिरली आणि समोरचा दांडगा लांब फेकला गेला.

"अगं बाई," ताई म्हणाली. आणखी दाबलं. समोरचा उठला, धावून आला, मारायला लागला. प्रत्येक फटक्याला पडद्यावरची ताई क्षणभर दिसेनाशी व्हायची, कारण तिचं मार खातानाचं चित्रच नव्हतं, आणि पुन्हा त्याच जागी, त्याच ताठ मानेने उभी असायची. तिच्या ताकदीची पट्टी हळूहळू रिकामी झाली. पंचाने हाताची घडी सोडली आणि हात वर केला. ती पडली नाही. पंच हात वर करून तसाच उभा राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. भाची वायर घेऊन आत आली आणि दारातच थबकली. "आई. आणि बाबा. दोघं एकत्र." ती धपकन आईशेजारी बसली, डोळे भरून आले होते. "मामा, तू खरंच ग्रेट आहेस." चितारीने मान हलवली. त्याला थांब म्हणावंसं वाटत होतं.

"पण बाबा असे हात वर करून का थांबलेत?"

"मी पडायची वाट बघतायत," ताई म्हणाली. तिचा अंगठा बटणावर चालूच होता.

"मग पड ना एकदा. म्हणजे पुढचा डाव येईल."

"नाही गं," ताई म्हणाली. "मामाने माझं पडणं काढलंच नाही."

भाची हसली आणि डोकं आईच्या खांद्यावर टाकून बघत बसली. पडद्यावर चादर फिरत होती, पंचाचा हात तसाच वर होता. चितारीने पलंगाच्या गादीवर पडलेला कॅसेटचा रिकामा डबा उचलला, त्याचं झाकण लावलं आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिला.